ला बुर्दोने: मॉरिशस उभं करणारा आणि बॅस्टिलमध्ये डांबला गेलेला गव्हर्नर

दर्यासारंग

शाळेच्या इतिहासात इंग्रज-फ्रेंचांची कर्नाटकातली युद्धं येतात तेव्हा ला बुर्दोनेचं नाव एका ओळीत येतं आणि जातं. १७४६ साली त्याने मद्रास जिंकलं, पाँडिचेरीचा फ्रेंच गव्हर्नर डुप्ले याच्याशी त्याचं भांडण झालं, संपला विषय. पुढची पानं डुप्ले आणि क्लाइव्हची. पण हा माणूस मुळात मद्रासचा नव्हेच. तो मॉरिशसचा, म्हणजे तेव्हाच्या 'इल द फ्रान्स'चा, आणि शेजारच्या बूर्बाँचा (आजचं रियुनियन) गव्हर्नर होता. मद्रासची मोहीम हे त्याच्या अकरा वर्षांच्या कारकिर्दीतले शेवटचे काही महिने. आधीच्या दहा वर्षांबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा.

पूर्ण नाव बेर्त्राँ-फ्रान्स्वा माहे द ला बुर्दोने. जन्म ११ फेब्रुवारी १६९९, सँ-मालो इथला. हे ब्रिटनीतलं बंदर, खलाशांचं आणि सरकारी परवाना घेऊन शत्रूची जहाजं लुटणाऱ्यांचं गाव. पोरगा दहाव्या वर्षी जहाजावर चढला. १७१८ मध्ये फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीत नोकरी. १७२५ मध्ये मलबार किनाऱ्यावरचं मय्यळी फ्रेंचांनी घेतलं, त्या लढाईत तो चमकला. (या गावाला आपण आज माहे म्हणतो आणि ते नाव याच्यावरून पडलं असं बरेचदा सांगतात. काही जण उलटं सांगतात, की गावावरून याला माहे नाव मिळालं. ते तर चूकच, कारण माहे हे त्याच्या घराण्याचंच नाव होतं.) मग काही वर्षं त्याने स्वतःचा व्यापार केला, पैसा कमावला आणि दोन वर्षं चक्क गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयच्या चाकरीत काढली. म्हणजे गव्हर्नर होण्याआधी हिंदी महासागराचे वारे, बंदरं, सराफ, दलाल हे सगळं त्याने आतून पाहिलेलं होतं. व्हर्सायच्या दरबारातून थेट खुर्चीवर येऊन बसलेला हा माणूस नव्हता. त्याचं वेगळेपण मला इथे दिसतं.

जून १७३५ मध्ये तो बेटावर उतरला तेव्हा वय ३६. डच लोक १७१० मध्ये बेट सोडून गेले होते. मागे उरले होते उंदीर, हरणं, थोडा ऊस. डोडो तर त्याआधीच संपला होता. फ्रेंचांनी १७१५ मध्ये ताबा सांगितला, पण वीस वर्षांनंतरही वस्ती हजाराच्या आतच होती. कंपनीच्या लेखी बेटाचा उपयोग एवढाच, की फ्रान्सहून पाँडिचेरीला जाणाऱ्या जहाजांनी अर्ध्या वाटेत पाणी भरावं, आजारी खलाशी उतरवावेत, शिडं-डोलकाठ्या दुरुस्त कराव्यात. आणि यातलं एकही काम तिथे नीट होत नव्हतं.

त्याचा पहिला मोठा निर्णय बंदराचा. डचांपासून सगळ्यांचा वावर आग्नेयेच्या बंदरात होता. वर्षातले बहुतेक महिने वारा आग्नेयेकडूनच वाहतो. त्यामुळे त्या बंदरात शिरणं सोपं आणि बाहेर पडणं महाकठीण. वायव्येचं पोर्ट लुई डोंगरांच्या आडोशाला आहे, तिथून जहाज वाऱ्यावर स्वार होऊन सहज निघतं. त्याने राजधानीचा पक्का मुक्काम तिथे केला. बूर्बाँवर कॉफी पिकायची, वस्ती जुनी आणि मोठी, पण तिथे नैसर्गिक बंदरच नाही. मान बूर्बाँकडून इल द फ्रान्सकडे गेला आणि बूर्बाँचे जुने जमीनदार त्याच्यावर कायमचे नाराज झाले.

पुढच्या पाच वर्षांत सरकारवाडा, बराकी, तटबंदी, धान्याची कोठारं, पवनचक्की, रुग्णालय. जहाजांना पिण्याचं पाणी भरायला होड्या पार ग्रांद रिव्हिएर नदीपर्यंत न्याव्या लागत. त्याने कालवा काढून ते पाणी बंदरात आणलं. जहाजाचं बूड वर घेऊन साफ करायची सोय केली, नवी जहाजं बांधून पाण्यात सोडली. ब्राझीलहून मॅनिऑक (ज्यापासून साबुदाणा करतात तो कंद) आणला. हे कंद कच्चे विषारी असतात, त्यामुळे लोक लावायला तयार होईनात. मग प्रत्येक गुलामामागे पाचशे झाडं लावायची सक्ती केली. पाँप्लमूसला 'माँ प्लेझिर' नावाची मालमत्ता घेऊन तिथे भाजीपाल्याची बाग केली, कारण स्कर्व्हीने मरणाऱ्या खलाशांना ताजी भाजी हेच औषध होतं. आज जिथे पर्यटक मोठमोठी कमळपानं बघायला जातात, ती हीच जागा. उसाला चालना दिली. १७४२ मध्ये लाझार पिको नावाच्या कप्तानाला उत्तरेला पाठवून सेशेल्सची पाहणी करवून घेतली. तिथल्या सर्वांत मोठ्या बेटाचं नाव आजही माहे आहे, ते याचंच.

हे सगळं बांधलं कोणी? मुख्यतः मादागास्कर आणि मोझांबिकहून आणलेल्या गुलामांनी. शिवाय पाँडिचेरीहून गवंडी, सुतार, लोहार असे कारागीर बोलावले होते. गव्हर्नर स्वतः गुलामांचा मालक आणि व्यापारीही होता. हे वगळून त्याची स्तुती करणारं लेखन बरंच आहे, मला ते पटत नाही.

१७४० मध्ये तो फ्रान्सला गेला तेव्हा त्याच्याविरुद्ध तक्रारींचा ढीग आधीच पोचला होता. खर्च फार करतो, वसाहतवाल्यांचे गुलाम सरकारी कामाला जुंपतो, स्वतःचे खिसे भरतो. एका संचालकाने विचारलं, तुमचे स्वतःचे व्यवहार इतके उत्तम आणि कंपनीचे इतके वाईट, हे कसं? त्याचं उत्तर सगळे चरित्रकार सांगतात: माझे व्यवहार मी माझ्या बुद्धीने केले, कंपनीचे तुमच्या हुकमांप्रमाणे.

पुढचा भाग, म्हणजे मद्रास आणि बॅस्टिल, खाली प्रतिसादात लिहितो.

नकाशावेडा

वा! पुढील लेखनास शुभेच्छा. बंदराचा मुद्दा फार आवडला. नकाशा उघडून बघितला तर पोर्ट लुईच्या मागे मोका डोंगररांग अगदी भिंतीसारखी उभी दिसते. पण चक्रीवादळात या बंदराला तितकाच आडोसा मिळतो का?

दर्यासारंग

नाही. वादळ जवळून गेलं की वारा दिशा बदलतो आणि वायव्येकडून समुद्र थेट आत येतो. डोंगराचा फायदा बारमाही आग्नेय वाऱ्यापुरता. त्यांचं वेळापत्रकही त्यावरच बसवलेलं असे, वादळांच्या महिन्यांत शक्यतो जहाजं कमी.

काळाबुरूज

लेख माहितीपूर्ण आहे, पण "हे सगळं बांधलं कोणी" हा परिच्छेद तुम्ही चार ओळींत उरकलात. माझ्या मते कारकिर्दीचा गाभाच तो आहे.

बेटावरच्या माणसांत बहुसंख्य गुलाम. १७२३ च्या राजाज्ञेने या बेटांसाठी गुलामांचे नियम ठरवून दिले होते: पळून गेला तर पहिल्या वेळी कान कापणं आणि डाग देणं, दुसऱ्या वेळी पायाची शीर तोडणं, तिसऱ्या वेळी मृत्यू. तरी लोक पळायचे, डोंगरात टोळ्या करून राहायचे, रात्री मळ्यांवर छापे घालायचे. या 'मारून' लोकांचा बंदोबस्त केला म्हणून ला बुर्दोनेची वाहवा होते. बंदोबस्त म्हणजे काय, तर गुलामांच्याच तुकड्या करून त्यांना शस्त्रं द्यायची आणि आपल्याच माणसांची शिकार करायला डोंगरात पाठवायचं. त्याला 'कुशल प्रशासक' म्हणतात तेव्हा हे कौशल्यही त्यातच आलं.

शिवाय मॅनिऑक. ते गुलामांच्या पोटासाठी होतं हे स्पष्ट सांगायला हवं. गव्हर्नर साहेबांनी काही शेतीसुधारणा म्हणून आणलं नाही. मजुराला स्वस्तात जगवायचा तो हिशेब होता.

बखरप्रेमी

एक धागा आपल्या बाजूचा जोडतो, कारण तो या गव्हर्नरच्या आयुष्यात खरंच आडवा आला आहे.

मे १७४० मध्ये दामलचेरीच्या खिंडीत रघूजी भोसल्यांच्या फौजेने कर्नाटकचा नवाब दोस्त अली याला ठार केलं. नवाबाचं आणि त्याचा जावई चंदासाहेब याचं कुटुंब जडजवाहिऱ्यासकट पाँडिचेरीत फ्रेंचांच्या आश्रयाला गेलं. मराठ्यांनी मागणी केली की यांना हवाली करा आणि खंडणी द्या. तिथला गव्हर्नर द्युमा नकार देऊन बसला. मार्च १७४१ मध्ये मराठ्यांनी त्रिचनापल्ली घेतली, चंदासाहेब कैद होऊन साताऱ्याला गेला, त्रिचनापल्लीवर मुरारराव घोरपडे बसले. आता पाँडिचेरीवर स्वारी येणार या धास्तीने द्युमाने बेटांकडे मदत मागितली आणि बेटांवरची शिबंदी तिकडे रवाना झाली.

ला बुर्दोने ऑगस्ट १७४१ मध्ये फ्रान्सहून परत येतो तो त्याच्या बेटावर शिपाईच नाहीत! मग तोही पाँडिचेरीला धावला, सप्टेंबरअखेर पोचला. तोवर मराठे परतले होते. (द्युमाने रघूजींकडे फ्रेंच मद्याच्या बाटल्या पाठवल्या, त्या राणीसाहेबांना आवडल्या आणि मामला थंडावला, असा किस्सा फ्रेंच इतिहासकार रंगवून सांगतात. मी त्यावर भार देणार नाही. मराठ्यांना तटबंदीच्या शहरापुढे महिने घालवायचे नव्हते, हे कारण पुरेसं आहे.) आलोच आहोत तर म्हणून त्याने मलबारला जाऊन वेढ्यात सापडलेलं माहे सोडवलं आणि मग परतला.

म्हणजे साताऱ्याच्या गादीखालच्या एका मोहिमेमुळे मॉरिशस काही महिने उघडं पडलं होतं. आपल्या पुस्तकांत हे समुद्रापलीकडचं टोक कधी येत नाही.

दर्यासारंग

बखरप्रेमी, हे फार मोलाचं. काळाबुरूज, तुमच्या मुद्द्याकडे येतोच, आधी मद्रास सांगून टाकतो.

१७४१ मध्ये त्याच्याकडे लढाऊ आरमार होतं. युद्ध पेटलं तर इंग्रज व्यापाराचं कंबरडं मोडायचं ही योजना. कंपनीने युद्ध होणार नाही असं धरून जहाजं परत मागवली. त्याने पाठवली. आणि १७४४ मध्ये युद्ध जाहीर झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'सँ-जेराँ' हे जहाज, त्यावर साखर कारखान्याची यंत्रं आणि माल, बेटाच्या ईशान्येला खडकांवर फुटलं; मोजकी माणसं वाचली. बेटावर अन्नाचा दुष्काळ.

अशा स्थितीत त्याने जे मिळालं ते गोळा केलं. कंपनीच्या व्यापारी जहाजांवर तोफा चढवल्या, सुतार-शिंप्यांना कवायत शिकवली, गुलामांना खलाशी आणि शिपाई केलं. निघाल्यावर मादागास्करजवळ वादळाने जहाजं मोडली. अँतोंजिलच्या उपसागरात, दलदल आणि तापाच्या मुलखात, रानातून लाकूड आणण्यासाठी वाट बांधून त्याने डोलकाठ्या उभ्या केल्या. दीडेक महिन्यात नऊ जहाजं पुन्हा समुद्रात. मला त्याच्या आयुष्यातलं सर्वांत थक्क करणारं काम हे वाटतं, मद्रासपेक्षाही.

जुलै १७४६ मध्ये नागपट्टणमसमोर इंग्रज आरमाराशी गाठ पडली. निर्णय लागला नाही, पण इंग्रज कप्तान पेटन निघून गेला आणि मद्रास उघडं पडलं. २१ सप्टेंबरला मद्रास शरण आलं. कैद्यांत रॉबर्ट क्लाइव्ह नावाचा एक तरुण कारकूनही होता.

आणि इथे घोळ झाला. ला बुर्दोनेने इंग्रजांशी करार केला: ११ लाख पॅगोडा, म्हणजे होन, खंडणी द्या आणि शहर परत घ्या. त्याचं म्हणणं, जिंकलेला मुलूख ठेवू नये असे त्याला हुकूम होते, आणि वादळाचा मोसम तोंडावर असताना आरमार तिथे ठेवणं शक्य नाही. डुप्लेचं म्हणणं, हिंदुस्तानातला वरिष्ठ मी, मद्रास कुणाला द्यायचं ते मी ठरवणार. त्याने नवाब अन्वरुद्दीनला शहराचं वचन देऊन ठेवलं होतं. आठवड्यांमागून आठवडे पत्रं, निषेध, दमदाट्या. १३ ऑक्टोबरच्या रात्री वादळ आलं, आरमार उद्ध्वस्त झालं, हजारावर माणसं बुडाली. उरलीसुरली जहाजं घेऊन तो निघून गेला, आणि डुप्लेने करार रद्द केला.

बेटावर परत आला तर त्याच्या जागी दुसरा गव्हर्नर, दाव्हिद, बसलेला. पुढे कॅरिबियनमार्गे डच जहाजाने युरोपला जाताना इंग्रजांनी पकडला. लंडनमध्ये त्याला मानाने वागवलं आणि स्वतःची बाजू मांडायला वचनावर सोडलं. फ्रान्समध्ये पाऊल ठेवल्यावर मार्च १७४८ मध्ये रवानगी बॅस्टिलला. लिहायला कागद-शाई नाही. रुमालांवर भाताची पेज लावून ते ताठ केले आणि काजळी-कॉफीच्या शाईने बचावाचा मजकूर लिहिला, असं सांगितलं जातं. फेब्रुवारी १७५१ मध्ये निर्दोष सुटला, पण तब्येत आणि संपत्ती दोन्ही गेली होती. १० नोव्हेंबर १७५३ ला पॅरिसमध्ये वारला. ज्या मद्राससाठी हे सगळं, ते १७४८ च्या तहात इंग्रजांना परत मिळालंच, कॅनडाकडच्या लुईबूर्गच्या बदल्यात.

मधली_फळी

सविस्तर उत्तराबद्दल आभार. थेट प्रश्न: त्याने लाच घेतली होती का? मी वाचलं होतं की खंडणीच्या आकड्याशिवाय एक वेगळी खासगी रक्कम ठरली होती.

दर्यासारंग

हो, आरोप तोच होता. आणि कोर्टाने सोडलं तरी तो आरोप मेला नाही. इंग्रज कंपनीच्या १७५२ च्या कागदांत असा उल्लेख निघाला की मद्रासवाल्यांनी त्याला एक लाख पॅगोडा देण्याचं कबूल केलं होतं. एकोणिसाव्या शतकात इंग्रज इतिहासकार मालेसनने ते कागद पुढे आणले. ते वाचून मला वाटतं, काहीतरी देणं-घेणं ठरलेलं होतं. त्या काळात शहर सोडवताना विजेत्या सेनापतीला नजराणा देणं ही रीत होती. इंग्रज, फ्रेंच, नवाब, कुणीच त्याला अपवाद नाही. डुप्लेनेही पुढे नवाबांकडून जहागिरी घेतल्या.

पण 'लाचेसाठी त्याने शहर परत द्यायचं ठरवलं' हे मला पटत नाही. तो बेटावरून विचार करणारा माणूस होता. त्याच्या दृष्टीने ताकद म्हणजे बंदर आणि जहाज. किनाऱ्यावरचं एक शहर धरून बसायचं तर कायमची फौज हवी, ती त्याच्याकडे नव्हती. पैसा घेऊन शत्रूला खिळखिळा करावं आणि वादळाआधी निघावं, हे त्याचं गणित. डुप्ले जमिनीवरून, नवाबांच्या दरबारातून विचार करत होता. दोघांच्या अधिकाराची रेषा कुठे आहे हे पॅरिसमध्ये बसलेल्यांनी कधीच स्पष्ट केलं नाही. भांडण त्यांनीच पेरलं होतं असं मी म्हणेन.

मधली_फळी

पटतंय. आणि विरुद्ध बाजूला आनंद रंग पिल्ले डुप्लेच्या वर्तुळातले, त्यामुळे त्यांच्या रोजनिशीत ला बुर्दोनेचं चित्र तसं येणारच. पाँडिचेरीत आल्यावर मानाच्या तोफा किती, कोण कोणाला सामोरं गेलं, यावरून झालेली कुरबुर त्यांनी काय बारकाईने टिपली आहे!

पोर्टलुईकर

धागा बघून राहवलं नाही. मी लग्नानंतर इथेच स्थायिक आहे, सासरची मंडळी मूळची रत्नागिरी जिल्ह्यातली, चार-पाच पिढ्यांपूर्वी उसाच्या मळ्यांवर आलेली.

ला बुर्दोनेचा पुतळा प्लास दार्म चौकात बंदराकडे तोंड करून उभा आहे, १८५९ पासूनचा. म्हणजे इंग्रज अमलात फ्रेंच गव्हर्नरचा पुतळा उभारला गेला. फ्रेंच वंशाच्या मळेवाल्यांची बेटावर तेव्हा किती पत होती ते यातून कळतं. मागे सरकारवाडा. तिथून चालत गेलं की आप्रवासी घाट, जिथे आपली माणसं गिरमिटावर (मजुरीच्या करारावर) उतरली. १८३४ पासून साडेचार लाखांच्या आसपास माणसं या बेटावर आली, त्यात मुंबई बंदरातून आलेले रत्नागिरी, ठाणे, सातारा भागातले मराठीही होते. इथे गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते, ती त्यांच्यामुळे. कास्काव्हेलला विसर्जनाला एकदा याच.

काळाबुरूज यांच्यासाठी मुद्दाम सांगते. घाटाला लागूनच ला बुर्दोनेने १७४० च्या सुमारास बांधून घेतलेलं लष्करी रुग्णालय अजून उभं आहे, काळ्या दगडाचं. त्याच इमारतीत आता गुलामगिरीचं आंतरखंडीय संग्रहालय आहे. इमारत गुलामांनी आणि हिंदी कारागिरांनी बांधली हे तिथे ठळकपणे सांगितलं जातं. इथल्या क्रिओल समाजाने (मुख्यतः गुलामांचे वंशज) अशा जागेसाठी फार वर्षं मागणी लावून धरली होती. माझ्या मुलांना शाळेत गव्हर्नर आणि मारून दोन्ही शिकवतात. ल मोर्नचा डोंगर, जिथे पळालेले लोक आसऱ्याला जात, तो २००८ मध्ये जागतिक वारसा झाला. आप्रवासी घाट त्याआधी दोन वर्षं.

काळाबुरूज

ताई, मनापासून आभार. संग्रहालयाची माहिती मला नवीन होती. पुतळा हलवावा अशी मागणी होते का?

पोर्टलुईकर

अधूनमधून चर्चा होते. माझं मत विचाराल तर राहू दे, पण पायथ्याशी पाटी हवी: हे बंदर ज्यांच्या हातांनी उभं राहिलं त्या मादागास्कर, मोझांबिक आणि हिंदुस्तानातल्या माणसांची.

दर्यासारंग

पूर्ण सहमत. काळाबुरूज, मॅनिऑकबद्दल तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे आणि ते मूळ लेखातच हवं. संपादनाची सोय आहे तोवर त्यात घालतो. माझा आग्रह एवढाच, की त्याला मद्रासच्या भांडणावरून न जोखता बेटावरून जोखा. बेटावरून जोखायचं म्हणजे कालवा, रुग्णालय आणि कापलेले कान एकाच खात्यावर लिहायचे. डुप्लेच्या भांडणात अडकलेले फ्रेंच इतिहासकार दीडशे वर्षं नेमकं हेच टाळत आले.

चौसष्टघरं

अवांतर: बुद्धिबळातला ला बुर्दोने यांच्यापैकीच का? १८३४ मध्ये लंडनला मॅकडॉनेलशी ८५ डाव खेळलेला?

दर्यासारंग

हो, तो याचा नातू, लुई-शार्ल माहे द ला बुर्दोने. त्या काळातला जगातला सर्वांत बलाढ्य खेळाडू. त्याचाही शेवट गरिबीत, १८४० मध्ये लंडनला.

नकाशावेडा

आणि डुप्ले? त्याचं तरी भलं झालं का?

दर्यासारंग

छे. १७५४ मध्ये कंपनीने त्याला परत बोलावलं. हिंदुस्तानात स्वतःच्या पदरचे लाखो खर्च केले ते परत मिळावेत म्हणून त्याने कंपनीवर दावा लावला, पैसे मिळाले नाहीत, कर्जात बुडाला. ला बुर्दोनेनंतर बरोबर दहा वर्षांनी, १७६३ च्या नोव्हेंबरातच, तोही पॅरिसमध्ये वारला. त्यानंतरचा सेनापती लाली, पाँडिचेरी गमावली म्हणून बॅस्टिलमध्ये गेला आणि १७६६ मध्ये त्याचं मुंडकं उडवलं. लालीवर वेगळा धागा काढायला हवा. बखरप्रेमी, वांदिवाशच्या (लाली इंग्रजांकडून हरला ती १७६० ची लढाई) बाजूची माहिती तुमच्याकडे असेल तर तुम्हीच काढा.